अंगठ्याला बांधलेला दोरा

नवीन माणसाशी ओळख झाली की आमची डॉक्टरीण नमस्काराच्या आधी डावा हात पुढे करायची. त्या हाताला जन्मापासून फक्त अंगठा होता. बाकी चार बोटांच्या जागी नुसते उंचवटे. "हे एकदा नीट बघून घ्या," ती म्हणायची, "मग बोलू. नायतर तुमचं सगळं ध्यान चोरून बघण्यात जातं." समोरच्याची अशी तारांबळ उडायची की विचारू नका. माझ्या आईला तो प्रकार अजिबात आवडायचा नाही. मला तो हात आणि त्यामागचा तोरा, दोन्ही फार आवडायचे.

डॉक्टरीण म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी. मखमलाबादला काकांचा फुलांचा मळा आहे; गुलाब, झेंडू, शेवंती, थोडा मोगरा. माझे वडील नोकरीला लागले आणि आम्ही गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये आलो. ती मळ्यातच राहिली. सातवीत असताना तिने एका मजूर बाईच्या तळव्यात मोडलेला गुलाबाचा काटा उकळलेल्या सुईने काढला, आणि तेव्हापासून अख्खा मळा तिला डॉक्टरीण म्हणू लागला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिचा दवाखाना असायचा. सुई, कापूस, स्पिरिट, एक चिमटा. पेशंटवर खेकसायची सवय तर तिला अगदी पहिल्या दिवसापासून होती. "दोन दिवस काटा घेऊन हिंडलीस ना? मग आता रडती कशाला?"

गजरे बांधायला बसली की तिच्याकडे बघत राहावं. आमच्याकडच्या सगळ्या बायका बांधतात तशीच ती बांधायची. जमिनीवर बसायचं, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताणून धरायचा, डाव्या अंगठ्याखाली कळ्या दाबायच्या आणि उजव्या हाताने फास टाकून गाठ ओढायची. मला दहा बोटं असून माझा गजरा केसांत माळेपर्यंत सुटायचा. तिचा दुसऱ्या दिवशी सुकायचा, पण सुटायचा नाही. मी हातवारे करत तिला काहीबाही सांगत बसले की म्हणायची, "हात दोन असले म्हणून काम दुप्पट होत नाय. बडबड तेवढी दुप्पट होती."

आम्ही दोघी एकाच क्लासला जात होतो. ती मळ्यातून सायकलवर यायची, वह्यांना मोगऱ्याचा वास यायचा. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे आमच्याच नातेवाइकांनी ते विसरायची फार घाई केली.

दिव्यांगांना मार्क कितीही पडले तरी प्रवेशासाठी डॉक्टरांच्या मंडळापुढे उभं राहून 'ही मुलगी डॉक्टरकी शिकू शकेल' असा शेरा आणावा लागतो. कागदावर तिला तपासणी म्हणतात. आम्ही मुलाखतच म्हणायचो. आठ दिवस आमच्या गच्चीवर आम्ही तिची तालीम केली. मी खुर्चीवर बसून चष्मा नाकावर ओढायचे आणि विचारायचे, "का व्हायचंय तुला डॉक्टर?" ती म्हणायची, "मी हायेच. तुम्ही फक्त कागद द्या." मी हसून लोळायचे. शेवटच्या दिवशी मात्र मोठ्या शहाणपणाचा आव आणून मी तिला सल्ला दिला. "तिथे लाजू नकोस. मळ्यात जसं करतेस तसंच सगळं कर." हा सल्ला माझा होता. दुसऱ्या कुणाचाही नव्हता.

परगावचं मोठं इस्पितळ होतं. पहाटेच्या एसटीने काका, ती आणि मी गेलो. दुपारी अडीच वाजता नाव पुकारलं. सोबतीला एक जण चालेल म्हणाले, काका बिचकले, म्हणून मी आत गेले. टेबलामागे तीन डॉक्टर. तिने सवयीप्रमाणे हात पुढे केला, "हे एकदा नीट बघून घ्या," म्हणाली. मधले साहेब चहा पीत होते. त्यांनी बघितलंही नाही.

तिने लिहून दाखवलं, बटण लावलं, बाटलीचं झाकण उघडलं, जाड पुस्तक उचललं, स्टेथोस्कोप कानाला लावला. सगळं झटपट. मग कडेच्या तरुण डॉक्टरांनी दोऱ्याचं रीळ पुढे सरकवलं. "गाठ मारता येईल?"

"कोणती मारू?"

"कोणतीही."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. पेपरात आपला पाठ असलेला प्रश्न आला की हसतात ना, तशी. सँडल काढली, खाली फरशीवर बसली, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला आणि सटासट गाठी मारत सुटली. एकाखाली एक, सारख्या अंतरावर. मी अकरा मोजल्या.

मधल्या साहेबांनी कप खाली ठेवला. "ऑपरेशन थिएटरमध्येही सँडल काढून बसणार का?"

तिघेही हसले. दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला. मळ्याबाहेरच्या लोकांना ती बैठक विचित्र दिसेल हे ना तिच्या डोक्यात आलं होतं, ना माझ्या.

डॉक्टरीण उठली नाही. खाली बसूनच तिने वर बघितलं. "साहेब, दोऱ्याचं एक टोक कुठंतरी अडकलेलं पायजे, एवढंच. इथं अडकवायला काय नव्हतं म्हणून पाय लावला. पेशंटला टाका घालताना दोरा पेशंटमध्येच अडकलेला असतो ना?"

बारावी झालेली पोर हे बोलली. आज मला कळतं की ते उत्तर बिनचूक होतं. त्या तिघांना तर तेव्हाही कळत असणार. मधल्या साहेबांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं. सगळं मिळून दहा मिनिटं. दहा मिनिटांत त्यांनी एका पोरीचा निकाल लावला आणि त्यातलं निम्मं लक्ष चहात होतं.

अहवाल यायला इतके दिवस लागले की तोवर प्रवेशाच्या फेऱ्या उरकत आल्या होत्या. 'गाठ मारण्यासाठी पायाचा आधार लागतो. वैद्यकीय शिक्षणास अपात्र.' अकरा गाठींबद्दल एक अक्षर नव्हतं. मग नातेवाइकांची रीघ लागली. देवाच्या मनात नव्हतं, मुलीच्या जातीला एवढं शिकून काय करायचं, फुलांचा धंदा काही वाईट नाही. एकेकाला मळ्याबाहेर काढावंसं वाटत होतं. आमचे वडील मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "आपल्या घरातली एक तरी डॉक्टर होतेय." त्या दिवशी मी जेवले नाही.

वरच्या मंडळाकडे दाद मागता येते असं मागाहून समजलं. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न कर म्हणून मी तिच्या मागे लागले. तिने कळ्या निवडता निवडता ऐकून घेतलं. "परत खाली बसू? परत त्यांनी हसायचं? मी काय सर्कशीत हाय का?" मी म्हटलं, या खेपेला खाली नको बसूस. ती म्हणाली, "म्हंजे चूक माझीच होती म्हण की." तिने बी.एस्सी.ला नाव घातलं, दुसऱ्या वर्षी सोडलं, आणि फूलबाजारातला गाळा सांभाळू लागली.

मी मेडिकलला गेले. तिसऱ्या वर्षी सर्जरीचे सर आम्हाला गाठी शिकवायला लागले. एका हाताने मारायची गाठ ही म्हणे चांगल्या सर्जनची ओळख. सर म्हणाले, "रोज सराव करा. खुर्चीच्या दांड्याला दोरा बांधा, पलंगाला बांधा. काही नाही मिळालं तर पायाच्या अंगठ्याला बांधा!" सगळा वर्ग खुशीत हसला. उठून ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. वहीत लिहून घेतलं.

रात्रंदिवस सराव करूनही ती गाठ मला जमेना. दसऱ्याच्या आधी मी मळ्यावर गेले. झेंडूचे ढीग पडले होते. डॉक्टरीण हिशोबानिशी माल मोजून देत होती आणि डावा हात ओढणीत गुंडाळलेला होता. एक नवा व्यापारी आला, त्याच्याशी ती चांगली पाच मिनिटं बोलली. हात बाहेर आला नाही.

मी दोरा काढला. तिने तो बघितला, मग मला. ओढणीतून हात काढून माझ्यासमोर बसली. "अंगठ्याला लाव," म्हणाली. अर्ध्या तासात तिने मला ती गाठ शिकवली. मी चुकले की खेकसत होती, अगदी पूर्वीसारखी. मग म्हणाली, "आता पाय काढ. पेशंट धरील तुझा दोरा."

तेवढ्यात एक मजूर बाई बोट धरून धावत आली. "डॉक्टरीण, बघ गं, लय खोल गेलाय काटा." आम्हा दोघींच्याही माना वर झाल्या. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "ती बघ, तिकडं हाय," म्हणाली, आणि हात पुन्हा ओढणीत गेला. पत्र्याचा डबा कुठे आहे ते मी विचारलं नाही.

प्रॅक्टिकलला मी एका हाताने सात गाठी मारल्या. सर खूश झाले, इतरांना बोलावून दाखवल्या. "सुरेख! कुणी शिकवलं?"

माझ्या बहिणीने, एवढंच म्हणायचं होतं. मग त्यांनी विचारलं असतं, कुठे असते, काय करते, आणि मी सगळं सांगितलं असतं. त्या तिघांचं, त्या चहाचं, त्या अकरा गाठींचं. तीन वर्षं ते ओठांवर घेऊन फिरत होते.

"यूट्यूबवर बघितलं, सर," मी म्हणाले.

त्या तिघांना मी आजवर मनातल्या मनात हजार शिव्या घातल्या आहेत. त्या दिवशी हॉस्टेलवर आले, दार लावलं आणि मोठ्याने शिवी दिली. ती त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती.