नानांनी आणलेले कंपनीचे रुपये

मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं. अंगात येणं, उतारा, नजर... घरात असा विषय निघाला की मी उठून जायचे. तरीही हे लिहितेय.

१९८८चा मे महिना. आमचं घर सोनगीरला. माझे थोरले भाऊ – नाना – गुजरातच्या किनाऱ्यावर एका ठेकेदाराकडे कामाला होते. समुद्रात बुडालेल्या जुन्या जहाजांचं सामान वर काढायचं काम. सुट्टीवर येताना त्यांनी चांदीचे काही रुपये ट्रंकेच्या तळाशी लपवून आणले. एका बाजूला राणीचं तोंड, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. सोनाराकडून कड्या लावून त्यांनी वहिनीसाठी माळ करून घेतली.

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, ज्वारी निवडता निवडता वहिनीने छाती धरली.

"पानी... छातीमा पानी भराई गयं!"

मायला वाटलं तिला तहान लागली. तिने तांब्या पुढे केला, वहिनीने तो भिरकावला. ओठ निळे पडलेले. मी घाबरून तिच्या गळ्यातली माळ ओढून तोडली, तशी ती ओकली – नुसतं पाणी. माझ्या तोंडावर उडालं. खारट होतं.

"फेकी दे रे त्या!" माय नानांवर ओरडली.

"चांदी शे ती! फेकाले येडा शे का मी?"

सकाळी नाना ते रुपये विकायला धुळ्याला निघाले. शर्टाच्या आतल्या खिशात पिशवी. मी सोबत होते. एसटीला गर्दी. मला पुढे जागा मिळाली, त्यांना मागे.

धुळ्याला सगळे उतरले. नाना उतरले नाहीत.

खिडकीच्या गजांना डोकं टेकलेलं, नाकातोंडाशी फेस. कपडे कोरडे. कंडक्टरने आणि मी रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली आणि मला विचारलं,

"कुठल्या विहिरीतून काढलं यांना?"

"विहीर नाही हो... एसटीत होते."

त्यांनी नानांच्या कोरड्या बाहीला हात लावून पाहिला.

नानांचे कपडे परत मिळाले तेव्हा खिशात तिकीट होतं. पिशवी नव्हती. गर्दीत कुणीतरी काढून घेतली असणार.

वहिनीला पुन्हा कधी तसं झालं नाही. हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पुढे कितीतरी महिने मी पेपरात तसली बातमी शोधायचे – कोरड्या घरात कुणी बुडून गेल्याची. कधी सापडली नाही. बरं वाटायला हवं... वाटत नाही.