चेंगय्याची पट्टी

चेंगय्याच्या ओसरीवर माणूस लंगडत यायचा आणि महिन्याभरात चालत घरी जायचा. चित्तूरकडच्या त्या गावात एक्स-रेला विचारतो कोण? म्हातारा डोळे मिटून बोटं फिरवायचा, मोडलेली जागा नेमकी धरायचा. मग पाल्याचा लगदा, अंड्याचं पांढरं, बांबूच्या कामट्या आणि वर करकचून पट्टी.

त्याची सात वर्षांची नात हारिका मात्र डाव्या पायातली चप्पल सारखी वाटेतच टाकून यायची. "तिसरा जोड हा! पाय आहेत की काय आहे गं?" तो ओरडायचा, ती हसायची. एक दिवस त्याने तिची चाल नीट पाहिली. पाऊल फटकन आपटत होतं, बोटं वर उचलतच नव्हती. गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला बोराएवढा टणक गोळा हाताला लागला.

"कधीतरी पडली असणार. हाड वाकडं जुळलंय."

"नायना, एकदा तिरुपतीला दाखवू या का?" त्याची लेक, हारिकाची आई सुगुणा, बापाला भीतभीत म्हणाली.

"तिरुपतीची माणसं माझ्याकडे येतात, आणि मी माझी नात तिकडे नेऊ? गावात तोंड कुठे दाखवू?"

झालं! त्या गोळ्यावरच कामटी टेकवून त्याने पट्टी आवळली. इतरांपेक्षा जरा जास्तच, कारण पोरीवर जीव होता.

"ताता, पायात मुंग्या चालतायत," नात आजोबाला म्हणाली.

"चालू देत. हाड जुळताना चालतातच."

आठ दिवसांनी मुंग्या थांबल्या आणि म्हातारा खूश झाला. अरे देवा, कशाला खूश झाला!

एकविसाव्या दिवशी पट्टी सोडली, तर पाऊल लुळं. मग मुकाट्याने तिरुपती.

"गाठ साधी आहे, आत नुसतं चिकट पाणी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तिच्याखाली नस चेंगरलीय. त्यावर आणखी हे कुणी आवळलं?"

सुगुणाने मान खाली घातली. हारिकाने मात्र ऐटीत सांगितलं, "माझ्या ताताने! तो सगळ्यांना बरं करतो."

गाठ काढली. नस जागी होईल की नाही, वर्षभर वाट पाहा म्हणाल्या. आता ओसरीवर आलेल्यांना चेंगय्या परत पाठवतो आणि रोज सकाळी नातीचं पाऊल मांडीवर घेऊन बसतो.

"उचल बरं, बाळा."

ती ओठ दाबून जोर लावते. पाऊल हलत नाही. काल म्हाताऱ्याला रडूच फुटलं, तेव्हा तिनेच त्याची समजूत घातली.

"रडू नको ना, ताता. तेव्हा पट्टी सैल राहिली असेल. आता पुन्हा बांध. खूप घट्ट."