शर्ट वाळू न देणारी गादीआत्या

लिही गं. आधी हे लिही, की गादीआत्या माझी नणंद. तुझ्या आजोबांची धाकटी बहीण. वयाने माझ्याहून लहान आणि तोंडाने अख्ख्या गल्लीहून मोठी. मी तिला "अहो वन्सं" म्हणायचे आणि ती मला "ए वहिनी". यातच काय ते समजून घे.

लग्न तिनं केलं नाही. एकदा बघायला आले होते. मुलाच्या आईनं विचारलं, "काय काय येतं मुलीला?" ही म्हणाली, "गादी भरता येते. तुमच्या मुलाला झोपण्याशिवाय काही येतं का?" झालं, चहाचे कप तसेच ठेवून उठले लोक. मग घराच्या पुढच्या खोलीत हिनं गाद्यांचं दुकान टाकलं. खोली कसली, खुराडं! आत कापूस, त्याच्यावर कापूस आणि त्याच्यावर ही, हातात हे एवढं दाभण घेऊन. आत गादी पसरायला जागाच नाही, म्हणून टाके घालायचं काम बाहेर ओट्यावर. आमच्या गल्लीत प्रत्येक घरापुढे दगडी ओटा. कुणी त्यावर भाजी निवडतं, कुणी पोरांचा अभ्यास घेतं, आणि आत्या गादीवर मांडी ठोकून येणाऱ्या जाणाऱ्याची खोड काढते. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घड्याळवाल्याला शिंक आली तर आम्ही इकडून "जपा हो" म्हणायचं.

तर एक दिवस कोपऱ्यावरच्या भिंतीला नगरपालिकेचा कागद चिकटला. गावाचा नवा आराखडा म्हणे. आमच्याकडे मास्तर आहेत ना, कडेच्या घरातले, शाळेतून निवृत्त झालेले, त्यांनी चष्मा पुसून वाचून दाखवला. आमची गल्ली रुंद करायची. दोन्ही बाजूंच्या घरांचा पुढचा भाग कापायचा. आणि मागे सात सात मजले चढवायची सगळ्यांना परवानगी.

घड्याळवाला खूश. "सात मजले! लिफ्ट येईल!"

आत्या म्हणाली, "लिफ्ट येईल आणि तुझी घड्याळं कुठे जातील? तुझं दुकान पुढेच आहे ना रे? तेच तर कापणार आहेत."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात काटा सरकला.

खरी पंचाईत आत्याचीच होती. ती खोली आणि तो ओटा म्हणजे तिचं सगळं पोट. ते गेलं की गेलं. तुझे आजोबा म्हणाले, "आत येऊन कर की काम, घर तुझंच आहे." आत म्हणजे कुठे? माझ्या स्वयंपाकघरात! मी त्या रात्री मनात म्हटलं, देवा, काहीही कर, पण माझ्या आमटीत कापूस घालू नकोस. म्हणजे बघ, वन्संच्या बाजूने मी काही उगीच नव्हते.

मास्तरांनी त्या कागदातच शोधून काढलं की लोकांनी हरकत घेतली तर नगरपालिकेचे साहेब बघायला येतात. वस्ती जुन्या वळणाची असेल आणि ती तशीच राखावी असं साहेबांना वाटलं, तर तिला वेगळे नियम. रुंदी नाही, उंची नाही, पाडापाडी नाही. सगळ्यांनी हरकत घेतली. साहेब यायचा दिवस ठरला.

आणि इथे आमच्या गल्लीची जुनी खोड नडली. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की जुनं ते लपवायचं. फाटक्या सतरंजीवर नवी चादर, पोचे पडलेली भांडी पलंगाखाली. आता साहेब म्हणजे तर पाहुण्यांचाही पाहुणा! घड्याळवाल्यानं दाराला लावायला चकचकीत प्लास्टिकचे पत्रे आणले. मास्तरांनी दगडी पायऱ्यांवर बसवायला फरशा आणल्या, त्या आपण न्हाणीघरात लावतो ना, निळी फुलं असलेल्या, त्या.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अहो मास्तर, साहेब जुनं बघायला येतोय! तुम्ही त्याला न्हाणीघर दाखवणार?"

"म्हणून काय गरिबीचं प्रदर्शन मांडायचं?" मास्तर म्हणाले. "चार लोकांत राहतो आपण."

घड्याळवाल्याला सांगायला गेली तर तो म्हणाला, "आत्या, तू गाद्या शिव."

सरळ बोटानं तूप निघत नाही, हे तिला पुरतं ठाऊक. त्या संध्याकाळी ती घड्याळवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसली. सहज. "मास्तर म्हणत होते, गल्लीत सगळ्यात जुनं घर त्यांचंच. तुमचं तर परवाचं म्हणे."

"परवाचं? माझ्या पणजोबांनी बांधलंय!"

"मला काय माहीत बाई. ते म्हणत होते."

मग तिथून उठली ती मास्तरांकडे. "घड्याळवाला सांगत सुटलाय, तुमच्या पायऱ्या नकली आहेत."

झालं! प्लास्टिक गेलं माळ्यावर, फरशा गेल्या परत. जुनेपणाची अशी शर्यत लागली की विचारू नकोस. मास्तरांनी आपल्या आजोबांची काठी दारात टांगली. शेजारणीनं पणजीचा पाटा उंबऱ्यावर आणून ठेवला, त्याला अडखळून तिचाच नवरा पडला. आत्या ओट्यावर बसून टाके घालतेय आणि काडी टाकतेय, "त्यांचं तुमच्याहून काळं दिसतंय हो."

पण घड्याळवाल्याची अडचण होती. घर पणजोबांचं, दार मात्र नवीन. जुनं वाळवीनं खाल्लं तेव्हा त्यानं कोरं करकरीत बसवलेलं. मग त्यानं काय करावं? चहाची पूड उकळ उकळ उकळली, त्यात काजळी कालवली, तेल ओतलं आणि दाराला फासलं. वाळलं की बघायचं, मास्तरांच्या दाराइतकं काळं झालं का? नाही? अजून एक हात. साहेब यायच्या दिवशी सकाळीसुद्धा त्यानं एक हात मारला.

साहेब आले. चांगला माणूस होता, पांढरा शुभ्र शर्ट, बगलेत नकाशाची गुंडाळी. नकाशा उलगडायला दोन्ही हात लागतात, म्हणून तो टेकला. कुठे टेकला?

बरोबर.

पाठीवर अख्खं दार उमटलं! बिजागरीसकट! घड्याळवाला म्हणाला, "साहेब, जुन्या लाकडाचा रंग जातो कधीकधी."

साहेबांनी बोट लावून वास घेतला. "याला चहाचा वास येतोय."

साहेबांनी नकाशा गुंडाळायला घेतला. "तुम्ही लोक मला फसवायला निघालात? मला काही बघायचं नाही."

मी वरच्या खिडकीत उभी. वन्संचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. एवढी चुरुचुरु बोलणारी बाई, नुसतं दाभण गादीत खुपसत नि उपसत होती. साहेब चार पावलं गेलेसुद्धा. आणि मग ही एकदम ओरडली, "असे कसे जाल? ऑफिसात काय सांगाल, पाठीला काय झालं? शर्ट काढा!"

"काय?"

"काढा म्हणते! मी धुते. डाग बसला तर घरी बायको विचारेल. तिला काय चहा दाखवाल?"

साहेब थांबले. बायकोचं नाव काढलं की पुरुष थांबतो, हे लग्न न करता तिला कसं कळलं कोण जाणे. तुझ्या आजोबांचा सदरा आणून दिला. त्यात साहेब खांबाला अभ्रा घातल्यासारखे दिसत होते. ओट्यावर अर्धी शिवलेली गादी होती, तिच्यावर बसवलं. वन्संनी शर्ट घासला, पिळला आणि ओट्याच्या बरोबर वरच्या गॅलरीत वाळत घातला. समोरची घरं आमच्याएवढीच ठेंगणी, म्हणून ऊन गॅलरीत येतं, ओट्यावर उतरतं, सगळ्यांना मिळतं. कडकडीत ऊन होतं. तासाभरात वाळला असता.

वाळू दिला तर ना!

थोड्या वेळानं वन्सं म्हणाल्या, "बघून येते हं वाळलाय का." वर आल्या, मोरीतला तांब्या घेतला आणि शर्टावर पाणी शिंपडलं. मी म्हटलं, "अहो वन्सं!" तर म्हणे, "ए वहिनी, गप्प बस. बसू दे त्याला. दारं बघून झाली, आता माणसं बघू दे." खाली जाऊन साहेबांना सांगितलं, "दमट आहे अजून."

मग काय, साहेब बसले. पहिल्यांदा फुरंगटून. पण गल्ली किती वेळ गप्प बसणार? मास्तर समोरच्या पोरीला गणित शिकवायला लागले, ते या ओट्यावरून त्या ओट्यावर, ओरडून. तिचं चुकलं तर तिसऱ्या ओट्यावरची शेंगा सोलणारी म्हातारी बरोबर उत्तर सांगायची. एवढ्यात रद्दीवाल्याची हातगाडी आली. सगळ्यांनी न बोलता आपापलं सामान उचललं, पाय वर घेतले, गाडी गेली, पुन्हा सगळं जागेवर. साहेबांनीही पाय वर घेतले! त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मोटार येत नाही इथे?" त्यांनी विचारलं.

"येते की," वन्सं म्हणाल्या. "मी ओट्यावर दिसले की उलटी जाते."

साहेब हसले. पहिल्यांदाच. मग पुन्हा वन्सं वर, पुन्हा तांब्या, पुन्हा "दमट आहे". साहेबांनी नकाशा परत उलगडला, पेन्सिल काढली. दारांकडे बघितलंसुद्धा नाही. ओटे मोजले, पायऱ्या मोजल्या, ऊन कुठवर येतं तिथे खडूनं रेघ मारली, घरांची उंची मापली, तेही त्या ढगळ सदऱ्यात. "हे गाद्यांचं काम इथेच चालतं? किती वर्षं?" असं सगळ्यांना विचारत फिरले. घड्याळवाला पुढे झाला, "साहेब, माझं दार," तर म्हणाले, "दाराचं नाव काढू नका."

ऊन उतरल्यावर शर्ट मिळाला. तोही ओलसरच.

मग नगरपालिकेत सुनावणी झाली. वन्सं आदल्या दिवशी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "वहिनी, खोली गेली तर तुझ्या स्वयंपाकघरात मी येणार नाही. मी कापूस विकून टाकीन." मला रडू यायला लागलं, तर म्हणे, "रडू नकोस, तुझी आमटी तशीही कापसासारखीच असते."

निकाल आमच्या बाजूनं लागला. रुंदी रद्द. ओटे तोडायचे नाहीत. दोन मजल्यांच्या वर कुणी जायचं नाही. घरातले छोटे धंदे पुढच्या खोल्यांत चालू राहणार. वन्संनी काय करावं? सगळ्यांसमोर खुर्चीवर बसून हुंदके देऊन रडल्या. मी आयुष्यात एकदाच बघितलं ते.

बाहेर पडताना साहेब जवळ आले. "आत्या, घट्ट पिळलेल्या शर्टातून दुपारभर माझ्या टाळूवर थेंब पडत होते. कसे काय?"

वन्संनी पदरानं नाक पुसलं. "मग उठला का नाहीत?"

"ऑफिसातली माझी खुर्ची बघा एकदा येऊन. एवढी मऊ गादी कोण सोडतो?"

दुसऱ्या आठवड्यात त्या खुर्चीसाठी गादी शिवून गेली. तेव्हापासून ते साहेब येतात अधूनमधून. पण माणूस नियमाचा पक्का. आता वन्संनी परवा ओट्यावर हिरवा पत्रा ठोकलाय, पावसाला. साहेब म्हणतात, गल्लीच्या वळणात हिरवा पत्रा बसत नाही, काढा. ही म्हणते, "गल्ली मी वाचवली आणि मलाच नियम?" ते म्हणतात, "तुम्हालाच आधी."

खिडकी उघड जरा. ऐकू येतंय ना? ते खाली शिडीला धरून उभेत आणि ही वर चढून एक एक खिळा काढतेय, आणि प्रत्येक खिळ्याला त्यांना एक एक शिवी. जा, दोघांना पाणी नेऊन दे. आणि शिडी नीट धरलीय का बघ गं त्यांनी.