कडीचा रुपया

चांदी उजळायच्या चिंचेच्या पाण्याचा वास आला की मला बोईसरचं सोनाराचं दुकान आठवतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, आम्ही देशावरून नवेच आलो होतो आणि मी तुटलेलं मंगळसूत्र घेऊन दुकानात बसले होते. किनाऱ्यावरची एक कोळीण नव्या जाळ्यासाठी गळ्यातली चांदीच्या राणीछाप रुपयांची माळ मोडायला आली. सोनाराने कड्या काढून एकेक रुपया फरशीवर वाजवला, तर एक बद्द वाजला. खोटं नाणं पुन्हा फिरू नये म्हणून तो ते खिळ्याने उंबऱ्यात ठोकून टाकायचा. त्याने हातोडी उचलताच तिने रुपया मुठीत धरला. "शेट, ह्यो माज्या नवऱ्यानं लग्नात घातलेला हाय. ठोकायचा नाय." सोनाराने हातोडी ठेवली आणि त्या रुपयाला कडी परत बसवून दिली. खरे रुपये तिच्यादेखत मुशीत वितळले. माझेही तेव्हाचे दागिने केव्हाच मोडून झाले. तिचा तो रुपया मात्र कुणी मोडीत घेतला नसणार.