बाबांचे तीन देव

आमच्या बाबांनी बायको एकच केली, देव मात्र तीन केले. बायको त्यांनी कधी सोडली नाही. देव सोडण्याचं त्यांना काही वाटत नसे.

पहिला देव शेजारच्या नागरा गावचा महादेव. मी सातवीत असताना आईला मेंदूचा मलेरिया झाला. गोंदियाच्या दवाखान्यात ती तीन दिवस बेशुद्ध पडून होती. बाबा तिथून उठले, नागऱ्याला गेले आणि पिंडीवर डोकं ठेवून बोलले, "हिले उठव. खर्रा सोडतो अन् दर सोमवारी पायी येतो." सुपारी-तंबाखूचा खर्रा बाबांच्या गालात चोवीस तास असायचा, त्यामुळे हा नवस लहान नव्हता.

चौथ्या दिवशी आईनं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "गाय कोनं दोहली?"

बाबा तीन सोमवार पायी गेले. चौथ्या सोमवारी आमच्या बांधीत धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, निघाली. बाया ठरल्या होत्या, चिखल तयार होता. "महादेवाले समजते," बाबा म्हणाले. "त्याच्या दाराशी बैल बसला आहे. रोवणी काय असते ते त्याले सांगा लागत नाही." पाचव्या सोमवारी गालात खर्रा परत आला. पुढं त्यांना लाज वाटू लागली असावी. गोंदियाला जायचा सरळ रस्ता देवळावरून होता. तो सोडून ते कालव्याच्या पाळीवरून, दोन कोसांचा वळसा घालून जाऊ लागले. महादेवाला कालव्याची पाळ दिसत नाही, असा त्यांचा अंदाज असावा.

दुसरा देव देवरीच्या जंगलातला. बैलबाजारात बाबांना एक गोंड मित्र भेटला होता. तो जंगल खात्याच्या कामावर जायचा. गोंडांच्या देवाला देऊळ नव्हतं, साजाच्या झाडाखाली दगड होते. बाबांनी आधीच विचारून घेतलं, "तुमच्या देवाले खर्रा चालते का?"

"खर्रा चालते," मित्र म्हणाला. "खोटं बोललेलं चालत नाही."

बाबांना सौदा पटला. विहिरीला पाणी लागलं तर बकरा देईन, असं ते तिथं बोलून आले. विहिरीला पाणी लागलं, बाराही महिने टिकणारं. बकऱ्याची पाळी आली तेव्हा बाबा नारळ घेऊन गेले. मित्रानं नारळ फोडला, खोबरं वाटलं, बाबांच्या हातावरही ठेवलं आणि बकऱ्याचं नाव काढलं नाही. तेच बाबांना सहन झालं नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर ते पुन्हा गेले असते.

तिसरा देव गोंदिया शहरात, एका सत्संगात मिळाला. त्याला आकार नव्हता, म्हणून तोंड चुकवायचीही गरज नव्हती. तिथं सगळं हिंदीत चाले. बाबा पांढरा सदरा घालून जात आणि घरी आल्यावर आम्हाला सांगत, "परमात्मा सब देखता है."

"मंग तो खर्राही पाहत असन," आई चुलीपासून म्हणायची.

या सगळ्या वर्षांत मी निष्ठावान होते. शिक्षिकेची नोकरी लागावी म्हणून मी सोळा सोमवार केले. पाण्याचा घोटसुद्धा देवाला विचारून घेतला. दोनदा परीक्षा दिली, दोनदा यादीत नाव नाही. इकडे बाबांची बायको ठणठणीत, विहीर भरलेली, धान चांगलं. दोन देवांना फसवून तिसऱ्याकडे गेलेल्या माणसाचं सगळं बरं चाललेलं पाहून मला देवाच्या कारभाराबद्दल शंका येऊ लागली होती.

मग तो श्रावणातला सोमवार आला. बाबा सत्संगाहून मोटारसायकलवर परतत होते. अर्थातच कालव्याच्या पाळीवरून. पाऊस पडून गेला होता, माती निसरडी झाली होती. पाळ देवळाच्या मागून वळते तिथंच गाडी घसरली आणि बाबा गाडीसकट खाली गेले. त्यांना वर काढलं ते नागऱ्याच्या देवळातून घरी निघालेल्या चार गड्यांनी. पाय मोडला होता. दवाखान्याची गाडी येईपर्यंत आडोशाला ठेवावं म्हणून त्यांनी बाबांना उचललं आणि सगळ्यात जवळच्या ठिकाणी नेलं. म्हणजे महादेवाच्या सभामंडपात.

निरोप मिळाल्यावर आई आणि मी धावत पोचलो. बाबा चटईवर आडवे होते. पाय सुजला होता, आणि गाभारा दिसू नये म्हणून त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती. पुजारी त्यांना पाणी पाजत होते. त्यांनी नाव-गाव विचारलं. बाबांनी हळूच सांगितलं.

पुजारी तांब्या घेऊन थांबलेच. "अरे, तुमीच का ते? दर सोमवारी तुमच्या नावानं बेल चढते इथं. मले वाटे, माणूस भाविक आहे पण तब्येत साथ देत नसन."

बाबांनी मान वळवली. गाभाऱ्याकडे नाही, आईकडे.

"तुमी बोलले होते ना," आई म्हणाली. "तुमाले जमत नोहतं. बाजाराच्या निमित्तानं मी जात होती."

मला वाटलं, आता बाबा रडतील. त्यांचे डोळे भरलेही. मग त्यांनी नाक पुसलं आणि पुजाऱ्यांना विचारलं, "म्हणजे एकही सोमवार सुटला नाही म्हणता? इतका जुना भगत गावात दुसरा कोनी आहे का?"

दवाखान्यात प्लास्टर चढत होतं तेव्हा मी बाहेर आईला धरलं. "तू खोटंच त्याइचं नाव लावत होती. देवाले समजत नाही का?"

"समजते," आई म्हणाली. "पण एकदाही बेल वापस केला नाही त्यानं."

मला ते पटलं नाही. पटायला पाहिजे होतं, असं आज वाटतं. मी त्या दिवसापासून महादेवाशी बोलणं टाकलं. उपास सोडले, सोमवारी मुद्दाम पोहे खाल्ले. ज्याला खरं-खोटं सारखंच, त्याच्यासाठी उपाशी राहायचं कायले? वर्षभर मी अशी रुसून होते आणि त्या रुसव्यातच तिसरी परीक्षा दिली.

यादीत नाव आलं. शाळा मिळाली देवरीकडची.

आईनं पेढे हातात दिले. "जाऊन ये."

शाळेत रुजू व्हायला निघाले त्या दिवशी मी आधी एकटीच नागऱ्याला गेले. रांगेत उभं राहून मनात सगळं जुळवलं होतं: मी का रागावले, कुठं चुकले, तरी मला हे का दिलंस. पिंडीसमोर आले, हात जोडले, "महादेवा, मी" एवढं म्हटलं, तोच मागच्या बाईनं कोपरानं ढोसलं.

"सरक ना वं बाई, मागं लाइन थांबली आहे."

मी सरकले. पेढ्यांचा पुडा पुजाऱ्यांनी घेतला, चार पेढे परत माझ्या हातावर ठेवले. देवरीच्या बसला अजून वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर बसून मी एकेक करून चारही खाल्ले.