नापास व्हायचं राहून गेलं

"कसे आहात?" असं कुणी विचारलं की "बरं आहे" म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. नमस्काराला नमस्कार करावा तसं ते तोंडातून निघतं. घराला आग लागलेली असली तरी दारात आलेल्याला मी आधी "बरं आहे, या, बसा" म्हणेन आणि मग बादली शोधेन. इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये निम्मं आयुष्य गेलं तरी सवय सुटली नाही, ती नुसती इंग्रजीत गेली. "डूइंग वेल, थँक यू." या वाक्यानं माझं जेवढं नुकसान केलं, तेवढं संधिवातानंही केलं नसेल.

संधिवात हातांपासून सुरू झाला. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवावा लागतो आणि हातांत ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या. सकाळी बोटं इतकी आखडलेली असायची की दुसरी जोडी चढता चढायची नाही. बरोबरची तरुण मंडळी गप्पा मारत तयार होऊन आत जायची आणि मी बाकावर बसून एकेक बोट ओढत राहायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी मूठच झाकत नव्हती. हळूहळू बटणांचे शर्ट कपाटात मागे गेले आणि टीशर्ट पुढे आले. लोणच्याची बरणी उघडेना, तेव्हा मी लोणचं सोडलं. बरणी उघडून देणारं घरात कुणी नव्हतं. बायको जाऊन काही वर्षं झाली होती आणि मुलगी दूर दुसऱ्या राज्यात, बॉथेलला, तिच्या नोकरीत गुंतलेली.

डॉक्टरीणबाईंनी आधी गोळ्या दिल्या, मग एक इंजेक्शन. दोन्हींनी फारसा फरक पडला नाही, म्हणून त्यांनी तिसरं औषध लिहून दिलं. विम्यानं त्याचे पैसे द्यायचं नाकारलं. क्लिनिकमधल्या नर्सनं फोन करून कारण सांगितलं. विमा कंपनीनं औषधांचा कारभार दुसऱ्याच एका कंपनीकडे दिलेला असतो, तिची एक यादी असते, आणि यादीत वर असलेल्या औषधावर फेल झाल्याशिवाय, म्हणजे त्यानं गुण आला नाही हे दाखवल्याशिवाय, खालचं मिळत नाही. म्हटलं, मग मी फेल झालोच आहे की. ती म्हणाली, "कागदावर झाला नाहीत. सांधे सुजलेत असं डॉक्टरांनी लिहिलंय, पण दर वेळी खाली हेही आहे की पेशंटच्या म्हणण्यानुसार तब्येत छान आहे. त्यांनी नेमकं तेच उचललंय."

यात आणखी एक गंमत आहे. औषध फेल झालं असं इथे म्हणत नाहीत, पेशंट फेल झाला असं म्हणतात. उभ्या आयुष्यात मी एकदाही नापास झालो नाही. आता साठीच्या उंबरठ्यावर नापास व्हायची वेळ आली, तर तेही मला जमलं नव्हतं.

ही यादी ठरवतं कोण, हे मी नर्सला विचारलं. डॉक्टर आणि फार्मासिस्टांची एक समिती असते. कुठलं औषध चालतं, कुठलं सुरक्षित, हे ती बघते. दोन औषधं सारखीच चांगली आहेत असं तिनं म्हटलं, की पुढचं व्यवहार बघणारे ठरवतात. ज्याचा उत्पादक जास्त सूट देतो, ते बहुतेक वेळा वर जातं. ऐकून मला संताप यायला हवा होता. पण मी कारखान्यात अशाच समितीवर बसतो. दोन पुरवठादारांची रसायनं तपासतो, "दोन्ही चालतील" म्हणून सही करतो आणि खरेदीवाले स्वस्त असेल ते उचलतात. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. समितीला सरासरी दिसते. सरासरीतून बाहेर पडलेली एखादी बॅच आम्ही फेकून देतो. आता ती बॅच मी होतो, आणि मला मनापासून भीती वाटली. हात गेले असते तर नोकरी गेली असती, आणि नोकरी गेली असती तर दिवसभर माझ्याशी कोण बोललं असतं?

बायको असती तर ही वेळ आली नसती. डॉक्टरकडे ती बरोबर यायची. मी "बरं आहे" म्हटलं की ती पर्स मांडीवर ठेवून म्हणायची, "खोटं बोलतायत हे. रात्रभर झोपलेले नाहीत." मला तेव्हा तिचा राग यायचा. आता त्या खोलीत मला खोटं पाडणारं कुणी नव्हतं, आणि माझा शब्द जसाच्या तसा टाइप व्हायचा.

नकाराविरुद्धचं पहिलं अपील फेटाळलं गेलं. दुसऱ्या अपिलात फोनवर स्वतः बोलता येतं. मी आठवडाभर तयारी केली. मुलीला सांगावं असं एक-दोनदा मनात आलं, पण आमचे फोन ठरलेले. मोबाइल कपाला टेकवून ठेवायचा, त्यात फक्त चेहरा दिसतो. ती विचारणार, "हाऊ आर यू, बाबा?" मी म्हणणार, "बरं आहे गं," आणि मग तिच्याकडचं हवापाणी. तिला उगाच कशाला घोर लावायचा?

फोनवर तिघं होते, एक डॉक्टर, एक फार्मासिस्ट आणि कंपनीची एक बाई. डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारलं, आज कसे आहात? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डूइंग वेल, थँक यू."

मग डॉक्टर सावकाश म्हणाले, "कागदावरही तेच आहे."

"नाही," मी म्हणालो. "मी बरा नाही."

एवढं वाक्य बोलायला मला केवढे कष्ट पडले. पण एकदा बोलल्यावर थांबता येईना. ग्लोव्ह्ज सांगितले, बटणं सांगितली, लोणच्याची बरणी सांगितली. किल्ली फिरवायला दोन्ही हात लागतात, म्हणून पाऊस असला तर पिशव्या ओल्या फरशीवर ठेवून दार उघडतो, हेही सांगितलं. तिघंही मला अनोळखी, चेहरे न दिसणारे, आणि मी त्यांच्यापुढे रडायच्या बेतात आलो. फार्मासिस्टनं विचारलं, घरात मदतीला कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. "थँक यू," ती म्हणाली. "याची नोंद होणं महत्त्वाचं होतं." तिच्या टायपिंगचा आवाज मला ऐकू येत होता.

औषध मंजूर झालं. काही आठवड्यांनी एका सकाळी उठलो आणि उजव्या हाताची मूठ वळली. पूर्ण वळली. मी ती परत परत उघडझाप करून पाहिली. मला इतका आनंद झाला की ठरलेला वार नसतानाही मुलीला फोन लावला. ती गाडीत होती, कामावर निघालेली. घाबरून म्हणाली, "बाबा? एव्हरीथिंग ओके?"

"अगं, हात बरे झाले," मी म्हणालो. "एकदम बरे झाले."

तिनं गाडी बाजूला घेतली असावी, इंडिकेटरची टकटक ऐकू आली.

"वेट, बाबा," ती म्हणाली. "वॉट हॅपन्ड टू युअर हँड्स?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.