गेलेल्यांचा फळा

शिरपूरला माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या रस्त्याकडच्या भिंतीत सिमेंटचा फळा केलेला आहे, काळा रंग दिलेला. गल्लीत कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, सुतक फिटायची गंधमुक्ती कोणत्या दिवशी, हे त्यावर लिहायचं. आधी माझे यजमान लिहायचे. ते गेले त्या दिवशी त्यांचं नाव मीच लिहिलं, आणि तेव्हापासून खडू माझ्याकडे आहे. शिक्षण चौथी. अक्षर मात्र असं की शाळेचे मास्तर दळण घ्यायला येतात तेही थांबून बघतात. अक्षर चांगलं आहे तर आहे, त्यात लाजायचं काय?

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मी फळा ओल्या फडक्याने पुसते आणि त्या वर्षात गेलेली मोठी माणसं एकाखाली एक लिहिते. नट, मंत्री, गाणारे, खेळणारे, शोध लावणारे. हे मला कुणी सांगितलं नाही. दळण होईपर्यंत बाया अर्धा-अर्धा तास उभ्या राहतात आणि एकमेकींच्या सुनांवर बोलतात. म्हटलं, त्यापेक्षा काही वाचा. वर्षभर पेपरातली कात्रणं मी एका डब्यात टाकते. त्या दिवशी डबा उघडायचा.

प्रत्येक नावापुढे एक ओळ असते. थोर, महान, दीपस्तंभ असं मी लिहीत नाही. ते पेपरवाले सगळ्यांनाच लिहितात. एका मंत्र्यापुढे मी लिहिलं होतं, ‘आपल्याकडे दोनदा आले. पाण्याची टाकी म्हणाले होते, टाकी झाली.’ एका नटीपुढे लिहिलं, ‘आईचं काम करायची. स्वतः लग्न केलं नाही, भावंडं वाढवली.’ एका खेळाडूपुढे, ‘हरला तरी हात मिळवायचा.’ बाया ओळ वाचतात, आपल्या आठवणी काढतात, कधी भांडतात. टाकीवरून तर दोन दिवस भांडण चाललं होतं. नावं मी इथे देत नाही. फळ्यावर लिहिली तेवढी पुरे.

माझ्या फळ्याची पत होती. कुणी म्हणालं अमका गेला, तर दुसरा विचारायचा, ‘गिरणीवर लागलं का?’ इतक्या वर्षांत एक नाव चुकलं नव्हतं. मग एका वर्षी चुकलं.

आमच्या अहिराणीत गाणी म्हणणारा एक गायक आहे. सातपुड्याकडच्या गावात राहतो. रेडिओवर गायचा, लग्नात, जत्रेत गायचा. पूर्ण खानदेश त्याला ओळखतो. डिसेंबरात त्याच गावाकडची एक बाई दळण घेऊन आली. म्हणाली, ‘अक्का, त्यासना दारवर मानसं बसेल शेत. टोप्या, पंचे, बठ्ठं गाव.’ आमच्याकडे घरात कुणी गेलं की दारावर माणसं येऊन बसतात. त्यात चूक होण्यासारखं काही नसतं. मी विचारलं, ‘गायकच ना?’ ती म्हणाली, ‘मंग दुसरं कोन? त्यासनंच घर.’

पेपरात काही आलं नाही. मला वाटलं, आपल्या माणसाला पेपरवाले नाहीतरी कुठे जागा देतात? रागारागात मी त्याचं नाव सगळ्यांच्या वर लिहिलं, मंत्र्यांच्याही वर. पुढे ओळ लिहिली, ‘आवाज गेला होता, तरी गाणं सोडलं नाही.’

एक तारखेला सकाळी गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष मोबाईल घेऊन आला. चाळिशीचा माणूस आहे, त्याच्या बारशाचे गहू मी दळलेत.

‘अक्का, तुम्ही कुणाला मारलं? फळ्याचा फोटो सगळीकडे फिरतोय. त्यांच्या घरी लोक हार घेऊन जाताहेत!’

गायकाच्या घरी वारला होता तो त्याचा चुलता, नव्वदी ओलांडलेला. गायक जिवंत होता.

बाया दळण सोडून बाहेर फळ्यापुढे जमल्या. गिरणीचा पट्टा तसाच फिरत होता.

अध्यक्ष हळू आवाजात म्हणाला, ‘आता वय झालं अक्का. फळा मंडळाकडे द्या. आम्ही मोबाईलवर खात्री करून लिहीत जाऊ.’

त्याचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. चूक त्या बाईची नव्हती. तिने जे पाहिलं ते सांगितलं. विचारायचं काम माझं होतं. मी खडूची डबी त्याच्यापुढे ठेवली. पण म्हटलं, ‘नाव मी पुसते. मी लिहिलं, मीच पुसणार.’

फडकं भिजवते आहे तोवर दारात मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून गायक उतरला. धोतर, मफलर, हातात काठी. रस्त्यावरची माणसं गोळा झाली. तो फळ्यापुढे उभा राहिला. सगळा फळा वाचला, वरपासून खालपर्यंत. मग माझ्याकडे वळला.

‘अक्का, मी कवय मरनू व?’

आपण कधी मेलो ते तो मलाच विचारत होता. लोक हसले. मी नाही हसले. म्हटलं, ‘चुकलं नाना. माझं चुकलं.’

‘ते जाऊ दे. मरनू ते मरनू. पन मना आवाज गया, हाई कोनी सांगं?’

म्हणजे जिवंतपणी मारल्याचा राग नव्हता, ओळीचा होता. म्हटलं, ‘मी सांगं. मांगला सालनी जत्राम्हा मी पुढेच बसेल होती.’

‘आते आयक मंग!’

आणि तो रस्त्यात उभा राहून गायला लागला. मी गिरणी बंद केली. कानावर हात ठेवून, मान वर करून तो गायला. वरच्या सुराला गेला तिथे आवाज फाटला, पण थांबला नाही. कडवं पुरं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षाने शूटिंग केलं. गायकाने काठी माझ्याकडे रोखली.

‘बोल आते.’

‘आयकं नाना. आवाज गयाच शे.’

मग तो इतका हसला की खोकला लागला, पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन अध्यक्षाला म्हणाला, ‘आयुष्यभर लोकेसनी तोंडवर वाहवा करी. खरं हाई एकच बाईनी सांगं.’ आणि वर म्हणाला, ‘मना चुलता लिखाना राहना ना व अक्का. त्याले लिख.’

मी डबीतला खडू घेतला. अध्यक्ष बाजूला झाला. गायकाचं नाव पुसलं. त्या जागी लिहिलं, ‘इथे चुकून जिवंत माणसाचं नाव लिहिलं होतं. विचारपूस केली नाही. चूक माझी.’ खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण. इतक्या वर्षांत फळ्यावर माझं नाव कधी आलं नव्हतं. मग सगळ्यात शेवटी चुलत्याचं नाव लिहिलं. त्याच्याबद्दल विचारलं तेव्हा कळलं, पुतण्याची पहिली ढोलकी त्याने आणली होती. ती ओळ लिहिली. मंत्री, नट आणि तो, एकाच फळ्यावर.

अध्यक्ष म्हणाला, ‘चूक अशी लिहून ठेवली तर लोक हसतील.’

‘हसू दे. हसायला आधी वाचावं लागेल.’

तो गेला. डबी तिथेच राहिली. पण माझ्या मनात होतं, आता लोक माझ्याकडे येतील का? ते काही अध्यक्षाच्या हातात नव्हतं.

पाच-सहा दिवस गल्लीत कुणी वारलं नाही. मग एका सकाळी पलीकडच्या गल्लीतली एक बाई आली. दळणाचा डबा नव्हता. चालत आल्याने धाप लागली होती. त्यांच्या शेजारचे निवृत्त हेडमास्तर गेले होते, तालुक्यातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली.

मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, ‘घरात जाऊन आले अक्का. माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांच्या मुलाशी बोलले. तेच गेलेत.’

मी म्हटलं, ‘बस. हेडमास्तरांचं काय काय आठवतं, ते सांग.’